आतोबांनी फक्त आपली बाजू पुसली

आमच्या आतोबांना सगळे मागून ‘टापटीप’ म्हणतात, आणि त्यांना ते ठाऊक आहे. पंपांच्या कारखान्यात ते जन्मभर स्टोअरकीपर होते. तिथे नट एका खणात, बोल्ट दुसऱ्या खणात, आणि वॉशर न्यायला आलेल्या फिटरने खण उघडा ठेवला तर त्याची खैर नसे. कारखाना सुटला, पण खणांची खोड काही सुटली नाही. घरात डबे उंचीप्रमाणे लागतात, चपला टाचा भिंतीला टेकवून उभ्या असतात. एकदा मी त्यांच्याकडे राहायला गेले, तर अंघोळ करून येईपर्यंत माझी बॅग उपसून, कपड्यांच्या घड्या घालून परत भरलेली होती. मी चिडले. ते म्हणाले, “अगं, चार्जर तळाशी होता. तळाशी चार्जर ठेवतं का कुणी?” आता अशा माणसाशी भांडणार तरी काय!

आत्या त्यांच्या अगदी उलट. ती यंत्रावर स्वेटर विणते. लोकरीचे गुंडे खुर्चीवर, खुर्चीखाली, कधी कधी चहाच्या ट्रेमध्येही असतात. तिच्या खोलीत पाऊल टाकताना आतोबांचा जीव कासावीस होतो. ज्यांना दुकानात मापाचं काही मिळत नाही अशी सगळी गिऱ्हाइकं तिच्याकडे येतात. एक खांदा उतरलेला पोस्टमन, एकाच हाताने बटणं लावणारा सुतार, पाठीला पट्टा बांधून शाळेत जाणारी एक मुलगी. प्रत्येकाचा नमुना तिने संगणकावर स्वतः बसवलेला आहे. माणूस सुटला, वाळला, वाकला की ती नमुनाही बदलते. एकेका नमुन्यात कितीदा उसवलेलं आणि कितीदा पुन्हा विणलेलं असतं, ते तिचं तिलाच माहीत.

लग्नानंतर लवकरच दोघांनी तह केला होता, की एकमेकांच्या वस्तूंना हात लावायचा नाही. संसार टिकला तो त्या तहावर, असं माझं स्पष्ट मत आहे. संगणक मात्र एकच. मी एका दवाखान्यातले संगणक सांभाळते, म्हणून सगळ्या नातेवाइकांचे संगणकही माझ्याच गळ्यात. विणायच्या यंत्राचा प्रोग्रॅम लिनक्स नावाच्या सिस्टिमवरच चालतो आणि आतोबांचा बुद्धिबळाचा डाव विंडोजवर. म्हणून मी दोन डिस्क बसवल्या. पहिलीवर त्यांची विंडोज, दुसरीवर तिची लिनक्स. संगणक चालू केला की काळ्या पडद्यावर दोन ओळी येत. ज्याला जिकडे जायचं त्याने ती ओळ निवडायची. आतोबा तर उठून जाताना आदबीने विचारत, “तुझ्या बाजूला लावून ठेवू का?”

परवा आत्याचा फोन आला. “तू ये.”

“काय झालं?”

“यांनी साफसफाई केली.”

तिचा आवाज इतका सपाट होता, की मी दवाखान्यात अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

गेले तर आतोबा खिडकीशी उभे. आत्या यंत्रासमोर बसलेली. यंत्राच्या सुयांवर एक निळं स्वेटर अर्धवट लटकत होतं. पट्टा बांधणाऱ्या मुलीचं. शाळेची सहल डोंगरावर जायची होती आणि पट्ट्यावरून चढेल असं दुसरं स्वेटर तिच्याकडे नव्हतं. पाठ विणून झाली होती. पुढचा भाग आणि बाह्या संगणकात होत्या, आणि संगणक सरळ विंडोजमध्ये जाऊन बसत होता. दोन ओळी गायब.

“मी फक्त माझी बाजू पुसली,” आतोबा म्हणाले. “संगणक फार रेंगाळत होता. म्हटलं, डिस्क फॉरमॅट करावी, विंडोज नव्याने टाकावी. तिच्या बाजूला बोटसुद्धा लावलं नाही.”

“मग माझी बाजू गेली कुठे?” आत्या म्हणाली. “एवढ्या वर्षांचं काम आहे माझं. ते परत नाही जमायचं मला. डोळे राहिलेत का आता तेवढे?”

मी तिला समजावलं. घर दोन खोल्यांचं, पण बाहेरचं दार एकच, आणि ते आतोबांच्या खोलीत. कुणीकडे जायचं ते विचारणारी यादी त्यांच्याच डिस्कवर होती. त्यांनी खोली धुतली ती दारासकट. पण तुझी खोली आहे तिथेच आहे, दार पुन्हा बसवलं की झालं. हे सगळं मी मोठ्या ऐटीत सांगितलं. आत्या जरा सैलावली, आतोबा खिडकी सोडून दोन पावलं पुढे आले.

मग मी माझा पेन ड्राइव्ह लावला. त्याच्यावर एक आख्खी लिनक्स असते. तिच्यावरून संगणक तात्पुरता चालू करायचा आणि मोडलेलं दार आतून दुरुस्त करायचं. संगणक चालू झाला. मी डिस्कची यादी काढली.

यादीत एकच डिस्क होती. आतोबांची.

मी पुन्हा बघितलं. एकच. आत्याने माझा चेहरा वाचला असावा. ती उठली आणि सुयांवरचं ते निळं कापड उगाचच हाताने सारखं करत राहिली. मला आतोबांचा असा राग आला म्हणता! वडीलधारे आहेत हे विसरून मी ओरडले, “खरं सांगा, तिची डिस्कही पुसलीत ना?”

“नाही गं,” ते म्हणाले. एवढंच.

पुसलेली डिस्कसुद्धा यादीत दिसते, रिकामी का होईना. हे रागाच्या भरात माझ्या डोक्यात उशिराच शिरलं. मी संगणक बंद केला, वायर काढली आणि कॅबिनेटची बाजू उघडली.

आत धुळीचा कण नव्हता. दवाखान्यात मी कॅबिनेटं उघडते तेव्हा आतून अर्धी उशी भरेल एवढा कचरा निघतो. आणि इथे पंख्याचं पातं न् पातं पुसलेलं!

“आतोबा, तुम्ही हे उघडलं होतंत?”

ते शाळेत पकडलेल्या पोरासारखे उभे राहिले. “तू बजावलं होतंस ना, कॅबिनेटला हात लावला तर याद राखा म्हणून. म्हणून बोललो नाही. पण फॉरमॅट करताना चुकून तिच्या डिस्कवर हात पडला असता तर? पडद्यावर त्या दोन्ही सारख्याच दिसतात. म्हणून आधी तिची काढली. धुतलेल्या रुमालात गुंडाळून कपाटात ठेवली. माझं सगळं आटपल्यावर परत जोडली.”

मी वाकून पाहिलं. डिस्क जागेवर होती. माहितीची वायर नीट जोडलेली होती. विजेची वायर मात्र व्यवस्थित घडी घालून, दोऱ्याने बांधून कोपऱ्यात ठेवली होती.

“आणि ही?”

“ती शिल्लक राहिली. मला वाटलं, जादा आहे. म्हणून बांधून ठेवली, लोंबकळायला नको.”

मला हसू आवरेना. स्टोअरकीपरच तो! सुटा माल दिसला की बांधून कोपऱ्यात. मी दोरा सोडला, वायर खोचली, संगणक चालू केला. या वेळी यादीत दोन डिस्क आल्या. दुसरी उघडली, तर पोस्टमन, सुतार, मुलगी, सगळे आपापल्या जागी.

मी मान वर केली. आत्या पडद्याकडे बघतच नव्हती. ती आतोबांकडे बघत होती. “रुमालात गुंडाळून?” तिने विचारलं.

“स्वच्छ होता,” आतोबा घाईघाईने म्हणाले.

पुढचं काम तसं सोपं, पण घाई नडलीच. दार बसवायची आज्ञा दिली, तर संगणकाने साफ नकार दिला. मी पेन ड्राइव्ह जुन्या पद्धतीने चालू केला होता आणि हा संगणक नव्या पद्धतीचा. मुकाट्याने पुन्हा सुरुवात केली. आत्याच्या लिनक्समध्ये शिरून यादी नव्याने बसवली, पेन ड्राइव्ह काढला. काळा पडदा आला. त्यावर लिनक्स होती. विंडोज नव्हती.

“माझं नाव नाही?” आतोबा म्हणाले. “शिक्षा का ही?”

“राहू दे तसंच,” आत्या म्हणाली. “कळू दे जरा.” पण तिच्या गालात हसू होतं.

हल्ली ही यादी शेजारच्या सिस्टिमला आपणहून शोधत नाही, तिला तसं सांगावं लागतं. मी ते सांगितलं आणि मग दोन्ही ओळी एकीखाली एक आल्या. आतोबांनी त्या मोठ्याने वाचल्या, जणू हजेरी घेत होते. आत्याने आपली ओळ निवडली, यंत्र घरघरलं आणि पुढचा भाग वीतभर उतरला. मुलीची सहल वाचली. मी चहा मागितला, कारण त्या घरात मागितल्याशिवाय कुणाला सुचत नाही.

चहा पिता पिता मी आत्याला चांगलं फैलावर घेतलं. एवढं काम एकाच डिस्कवर ठेवतं का कुणी? याची प्रत हवी, आणि ती दुसरीकडे हवी. मी बाहेरची एक डिस्क आणून देते म्हटलं. माझ्या घरी ठेवू, हवं तर दवाखान्यातही ठेवता येईल.

“कशाला?” आत्या म्हणाली. “यांच्या बाजूला ठेव.”

मी कप खाली ठेवला. “आत्या, कालच फॉरमॅट झालीय ती.”

“ठाऊक आहे. तिथेच ठेव.”

मी नमुने त्यांच्या डिस्कवर चढवायला लावले. पडद्यावरची पट्टी हळूहळू भरत होती आणि आतोबा खुर्चीच्या पाठीला धरून ती भरेपर्यंत उभे राहिले. शेवटी घसा खाकरून म्हणाले, “म्हणजे आता मला जन्मात कधी माझी बाजू पुसता यायची नाही.”

“नाहीच यायची,” आत्या म्हणाली आणि बाहीचा नमुना उघडला.

आतोबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा चढवला. डोळे तसेच ओले होते. मग खुर्ची ओढून ते तिच्या खोलीतच बसले, पायाशी पडलेल्या लोकरीच्या गुंड्यांमध्ये, आणि एकही उचलला नाही.