सगळ्यांना सारखीच थैली

शमुवेल काका गेल्याचं मला गांधीबागेत कळलं. भिंतीवर आमच्या विणकर युनियनची पत्रकं चिकटवत होतो, हात खळीनं भरलेले. शेजारचा तुकाराम सायकलवरूनच ओरडला, "घरी चाल गा, ज्यू काका गेले!" सक्करदऱ्याला पोचलो तर प्रार्थनेला दहा पुरुष लागतात आणि बाहेरगावचे धरूनही त्यांच्या समाजातले चारच जमलेले. गल्लीतले आम्ही कोष्टी हात जोडून उभे होतो, पण आम्ही त्या दहांत धरले जात नाही… महिना उलटला. राग उतरलेला नाही.

काका तारऑफिसातून निवृत्त झालेले, विधुर, डोक्यावर कायम हॅट. नागपुरात बेने इस्राएलांची, म्हणजे मराठी ज्यूंची, घरं आधीच मोजकी. घरात मराठीच, शनिवार विश्रांतीचा म्हणून चूल बंद. मुंबईचं त्यांचं एक धर्मादाय मंडळ वल्हांडणाच्या सणाआधी अडलेल्या घरांसाठी तांदूळ, तेल आणि कापडाच्या थैल्या पाठवायचं. थैली पोचल्याची सही मुंबईला गेली की त्या घरच्या पोरांची शाळेची फी यायची. वाटप काकांकडे, आणि काकांचा नियम असा की थैली प्रत्येक घराला जाणार, अडलेल्याही आणि बंगल्यातल्याही. ज्यांची ऐपत होती ते आपल्या थैलीचे पैसे गुपचूप मुंबईला भरत आणि थैली मात्र उघड घेऊन जात.

मी भांडलो त्यांच्याशी. "काका, अफसराच्या घरी थैली काहून? गरजवंताचं नाव घ्या, हक्क म्हणून द्या!"

"तुझ्या पत्रकात छापशील तिचं नाव?"

"छापीन."

"मग ती थैली तूच खा गा."

तिचं म्हणजे रिबेकाबाईचं. आमच्याच गल्लीत राहते. नवरा रेल्वेत फायरमन होता, तापानं गेला. मागे ही, एक शिलाई मशीन आणि सातवीतली लेक रूथ. उसनी साखरसुद्धा न मागणारी बाई. ती थैली घ्यायची, कारण काकाही घ्यायचे. भर दुपारी, हॅट घालून, खांद्यावर थैली टाकून ते गल्लीतून चालत येत. पानठेल्यावरची पोरं छेडत, "काय काका, पेन्शन पुरून नाही राहिली का?" काका म्हणत, "कशी पुरंल? बायको खादाड होती, जाताना भूक मले देऊन गेली." आणि घरी खरंच तेच तांदूळ शिजवत. मी म्हटलं, कोणाला तरी देऊन टाका. तर म्हणाले, "घेतलं तर खाल्लं पाहिजे. नाहीतर नाटक झालं ते."

मग घरं इस्राएलला जाऊ लागली. ऐपतीची आधी गेली. त्यांना मी दोष देत नाही… खोटं कशाला लिहू, देतो. जाताना त्यांनी कपाटं वाटली, भांडी वाटली, पण थैली घेणारा माणूस मागे ठेवून गेलं नाही कोणी. शेवटी थैल्या दोनच उरल्या, एक काकांची आणि एक रिबेकाबाईची. काकांनी मुंबईला विचारलं, शेजारच्या कोष्ट्यांनाही देऊ का? उत्तर आलं की पैसा समाजाच्या नावानं जमा झालाय, बाहेर देता येत नाही. नियमाला धरूनच होतं ते. नियम करणाऱ्यांनी आमची गल्ली पाहिलेली नाही एवढंच.

काका गेले आणि पाठोपाठ सणाची थैली आली. एकच. स्टेशनवरून मी आणली. रिबेकाबाईनं दार अर्धंच उघडलं.

"आणखी कोणाकडं आली?"

"तुमचीच आहे, बाई."

"मंग वापस ने."

"सही नाही केली तर रूथची फी येणार नाही."

"मले सांगू नको. काका होते तवा सणाची थैली येत होती. आता भीक येऊन राहिली."

"मी नेतो ना एक, भर दुपारी, खांद्यावरून. आमच्या घरी तरी कुठं रोज भात शिजते?"

ती हसली. "तू नेशील गा. पण तुले देते कोण?"

गेल्या आठवड्यात तिनं रूथला मुंबईला, समाजाच्या मुलींच्या वसतिगृहात धाडलं. म्हणाली, "तिथं साऱ्या पोरी एका पंगतीत जेवतात. कोणी कोणाले पाहत नाही." तिकीट मंडळानंच काढलं. शिकवतील, जेवू घालतील, नीट सांभाळतील, यात मला शंका नाही. मदत पोचली. फक्त त्यासाठी आईच्या घरातून पोर उचलावी लागली. गाडी सुटल्यावर रिबेकाबाई फलाटावर पदराची शिवण उसवत बसली होती. "आता मले फी पण नको, काही नको," एवढंच बोलली. माझ्या आईनं तिला दोनदा जेवायला बोलावलं. आली नाही.

थैली परत पाठवावी तर वाटप करणाऱ्याच्या नावानं पाठवावी लागते, आणि तो माणूस सक्करदऱ्यात उरला नाही. म्हणून ती मी काकांच्या खोलीत, त्यांच्या एकुलत्या एका खुर्चीवर नेऊन ठेवली. खोली घरमालकानं अजून कोणाला दिलेली नाही. परवा डोकावलो तर खुर्चीखाली तांदूळ सांडलेले. उंदरांनी खालचा कोपरा कुरतडला होता. मी तांदूळ ओंजळीनं गोळा केले, थैली फिरवली, भोक वर येईल अशी ठेवली आणि दार ओढून घेतलं.