डालग्याखालचा मोती

परवा कुडाळच्या बाजारातून कोंबड्या झाकायचं नवं डालगं आणलं. ओल्या बांबूच्या वासाने मी साठ वर्षांमागच्या देवबागच्या खळ्यात जाऊन उभी राहिले.

आमच्या मोतीने, जेमतेम तीन महिन्यांच्या कुत्र्याने, कोंबडीचं एक पिल्लू मारलं होतं. काका होडीकडे निघतानाच म्हणाले, "उद्या तेका होडयेत घालून पलतड सोडतंय."

"वायच थांबा," काकी म्हणाली. तिने डालगं उचलून कोंबडी आणि पिल्लं मोकळी केली आणि त्याच डालग्याखाली मोतीला कोंडलं. मग भोवती पेजेची शितं टाकली. कोंबड्या धावून आल्या. मोतीने फटीतून नाक बाहेर काढलं, तशी पिल्लांच्या आईने त्यावर चोच हाणली. तो केकाटला.

"काकी, सोड गो तेका!" मी रडायला लागले.

"घर पयला कोंबयांचा, ता तेका कळांदे."

आठ दिवस रोज कोंबड्यांच्या खाण्याच्या वेळी मोती डालग्याखाली. मला ती शिक्षा वाटायची. ती शाळा होती, हे आज पक्कं ठाऊक आहे. नवव्या दिवशी तो मोकळा बसला आणि पिल्लं त्याच्या पायांतून शितं टिपत राहिली. काकांनी होडीचा विषय पुन्हा काढला नाही.

नवं डालगं बघून मुलगा म्हणाला, "आये, सगळ्या कोंबयांका पुरात मा ह्या?"

"कोंबयांसाठी न्हय रे ता," मी म्हटलं. "तू काल घराक हाडलंस तो कुत्रो खंय आसा?"