ठिकाणांच्या नावांची डिस्क

मंगळवारी सकाळी अकरा वाजता हातखंब्याच्या थांब्यावर एसटीची वाट पाहत असताना माझे यजमान वारले. पडताना त्यांच्या खांद्यावरची पिशवी खाली आपटली. तीत लॅपटॉप होता. दुसऱ्या दिवशी तो घरी आला.

हे २००७ सालचं. ते जमीन मोजणीच्या कामातून निवृत्त झाले होते. आमच्याकडे जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला नाव असतं. सातबाऱ्यावर नुसता आकडा. ही नावं सांगणारी माणसं संपत चालली आहेत हे त्यांच्या नोकरीत असतानाच लक्षात आलं होतं. निवृत्तीनंतर ते गावोगाव हिंडू लागले. म्हाताऱ्या माणसाला घरात बसून विचारायचं नाही, त्याला त्या जागेत घेऊन जायचं, अशी त्यांची पद्धत होती. उभं राहिल्यावर पायांना आठवतं, असं ते म्हणत. जागेत उभं करून ते प्रश्न विचारायचे, उत्तर लहानशा यंत्रावर रेकॉर्ड करायचे, आणि घरी येऊन नकाशा काढून स्कॅन करायचे. त्यांच्या लेखी काम म्हणजे नकाशे. आवाज हा फक्त पुरावा.

महिन्याभराने मी लॅपटॉप उघडला आणि एक रेकॉर्डिंग लावलं.

"आजोबा, तुमच्या लहानपणी या जागेला काय म्हणायचे?"

मग बराच वेळ वाऱ्याचा आवाज. ते कुणाला घाई करत नसत.

"कोल्ह्याचा सडा," आजोबा म्हणाले. "आता कोल्हे नाय, नि म्हणणारे पण नाय."

सडा म्हणजे कातळाचा उघडा माळ. यावर यजमान हसले. लग्नाचे फोटो आहेत, नोकरीतले आहेत, पण त्यांचा आवाज घरात दुसरीकडे कुठेच नव्हता. मी दुसरं रेकॉर्डिंग लावायला गेले तेव्हा लॅपटॉपमधून टक् टक् असा आवाज आला आणि तो अडकला. बंद करून पुन्हा सुरू केल्यावर चालला. तो फार दिवस चालणार नाही हे मला न सांगता कळलं.

धाकटे दीर पालीहून आले. त्यांची तिथे आंब्याच्या कलमांची बाग आहे. लॅपटॉपमधलं सगळं दुसरीकडे उतरवून ठेवायला आम्ही दोघं बाजारातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. दुकानदाराने काउंटरवर दोन डिस्का ठेवल्या. एक विटेएवढी, तिला वेगळी वायर आणि अडॅप्टर. दुसरी डायरीएवढी, तिला एकच वायर, तीही लॅपटॉपमध्येच लावायची.

"वहिनी, मोठी घ्या," दीर म्हणाले. "किंमत तेवढीच, माल दुप्पट."

"भाऊजी, ही आंब्याची पेटी नाही."

"नाही कशी? भरायचीच आहे ना?"

दुकानदार हसला. मी त्याला विचारलं, "मोठीवर कॉपी चालू असताना लाइट गेली तर?"

"बंद पडणार."

"आणि त्या वेळी जी फाइल जात असेल ती?"

"तिचं काही सांगता येत नाही, काकू. लहान डिस्क लॅपटॉपच्या बॅटरीवर चालेल."

त्या वर्षी रोजचे काही तास वीज नसायची. लहान डिस्क घ्यायची हे तिथेच ठरलं. तरी मी विचारलं, विश्वासाची आहे ना? त्याने वॉरंटीचा कागद दाखवला. तीन वर्षांत बिघडली तर कंपनी नवी देते.

"आणि आतलं?"

"आतलं नाही देत."

इतकं खरं बोलणारा दुकानदार भेटला म्हणून मला बरं वाटलं. निघताना तो म्हणाला, "लॅपटॉप आजारी आहे असं धरून चाला. एका वेळी फार बोलायला लावू नका. महत्त्वाचं असेल ते आधी उतरवा."

महत्त्वाचं काय, हा विचार मी घरी येईपर्यंत केला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी नकाशांचा फोल्डर घेतला. पडद्यावर एका फोल्डरमधून दुसऱ्यात छोटे छोटे कागद उडत जाऊ लागले. श्रावण होता, बाहेर सर चालू होती. आमच्या घरात पावसाळ्यात सगळंच प्लॅस्टिकमध्ये असतं: टीव्हीचा रिमोट, शाळेचे दाखले, मीठ, काडेपेटी. डिस्कलाही मी दोन पिशव्या चढवल्या, वायर बाहेर ठेवून वरून रबरबँड लावलं आणि स्वयंपाकाला गेले.

परत आले तेव्हा कागद उडायचे थांबले होते. पिशवीवर हात ठेवला, तर तव्यावरून नुकत्याच उतरवलेल्या भाकरीसारखी गरम. मी घाईने पिशव्या काढल्या. दुपारपर्यंत ती निववली. ओल लागू नये म्हणून जन्मभर जे करत आले तेच केलं होतं, आणि त्यानेच तिचा श्वास कोंडला होता.

दुपारी सगळे नकाशे पुन्हा पहिल्यापासून उतरवले. ते पुरे झाल्यावर आवाज घेतले, एकेका गावाचे. संध्याकाळी गुहागरकडच्या गावांना हात घातला तेव्हा लॅपटॉप टक् टक् करू लागला आणि पडदा काळा झाला. त्यानंतर तो कधी सुरू झाला नाही. दुकानदाराने कोल्हापूरला पाठवून पाहिला. तिथूनही नकार आला.

हे ऐकून दीर म्हणाले, "आवाज आधी का नाही घेतलात?"

"यांनी नकाशेच आधी घेतले असते."

"दादाने घेतले असते. पण दादाला स्वतःचा आवाज कशाला हवा होता? तो तुम्हाला हवा होता ना?"

मी चहा ठेवायला उठले. माझी इच्छा त्यांच्या कामाच्या पुढे काढायची नाही, ही छत्तीस वर्षांची सवय होती. सकाळी फोल्डर निवडताना ती सवय आहे हेही माझ्या लक्षात आलं नव्हतं. पिशव्या चढवल्या नसत्या तर सकाळचे तीन तास वाचले असते आणि कदाचित सगळंच उतरलं असतं. पण आधी काय घ्यायचं ते मीच ठरवलं होतं. त्याचा दोष मी पिशव्यांना देत नाही.

पुढच्या महिन्यात आणखी एक डिस्क घेतली, तशीच लहान. ती पालीला दिरांच्या कपाटात असते. दर वर्षी दिवाळीनंतर मी दोन्ही डिस्का ताडून पाहते.

नकाशे सगळे आहेत. आवाजातली एकशे चौऱ्याऐंशी ठिकाणं आहेत. गुहागरकडची नाहीत.