सुट्टीत काय वाचावं, हे मला विचारू नका

वाचनालयात बसणाऱ्या माणसाकडे किस्से का साठतात, याचं कारण सोपं आहे. लोक पुस्तकं घेऊन जातात आणि किस्से ठेवून जातात. पुस्तकं परत येतीलच असं नाही. किस्से मात्र वाढत राहतात, त्यांना कपाटही लागत नाही.

निवृत्त झाल्यापासून मी आमच्या गावच्या वाचनालयात बसतो. गाव किन्हवलीच्या पुढे. त्याआधी बत्तीस वर्षं सरकारी कचेरीत कारकून होतो, त्यामुळे सगळे मला भाऊसाहेब म्हणतात आणि माझं कुणीही ऐकत नाही.

वाचनालय म्हणजे एक खोली, दोन कपाटं, एक टेबल आणि मी. खोली गावकीच्या मालकीची. गावकीचे अध्यक्ष बाळूशेठ. वाचनालय समितीचे अध्यक्षही बाळूशेठच. त्यामुळे खोलीवरून वाद निघाला की दोन्ही बाजूंनी तेच बोलतात आणि दोन्ही वेळा वाचनालय हरतं.

यंदा एप्रिलच्या शेवटी ते आले आणि दारातूनच म्हणाले, "भाऊसाहेब, लग्नाची भांडी ठेवायला गावकीला जागा नाय. ही खोली रिकामीच असते."

"रिकामी कशी? पुस्तकं आहेत."

"मी माणसांचं बोलतोय."

बरीच हुज्जत झाली. शेवटी बाळूशेठनी उदार होऊन अट घातली. शाळा उघडायच्या आत गावातल्या आणि वाड्यांवरच्या दहा पोरांनी एक तरी पुस्तक शेवटपर्यंत वाचायचं. परीक्षा ते स्वतः घेणार. दहा पोरं पास झाली तर खोली पुस्तकांची, नाही तर भांड्यांची.

मी त्याच दिवशी बारा पुस्तकांची यादी केली. बारा ते सोळा वयाच्या मुलांना आवडतील अशा साहसाच्या कादंबऱ्या, हेरकथा, खुनाचे तपास. प्रत्येक पुस्तकापुढे एका ओळीत शिफारस लिहिली, सुवाच्य अक्षरात, आणि यादी दारावर चिकटवली.

यादीखाली दुसऱ्या दिवशी कुणीतरी लिहिलं, 'करवंदं मिळतील'. त्याखाली मोबाइल नंबर.

*

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे शेजारच्या आळीतल्या सुनंदावहिनी. मुलगा आठवीतून नववीत गेलेला. तो बाहेर सायकलवर बसून होता, आत यायला तयार नव्हता.

"याला कायतरी वाचायला द्या. दिवसभर मोबाइल."

मी एक खुनाच्या तपासाची कादंबरी काढली. वहिनींनी मुखपृष्ठावरचा सुरा पाहिला आणि पुस्तक टेबलावर परत ठेवलं.

"खुनाचं पुस्तक पोराला? उद्या डोक्यात कायतरी शिरलं म्हंजे?"

"वहिनी, मी चाळीस वर्षं हीच पुस्तकं वाचतोय. मी कुणाचा खून केला का?"

त्यांनी मला नीट न्याहाळलं. "तुमी कचेरीत होताव. सवड मिळाली नसंल."

मग त्या म्हणाल्या, आधी मी तपासते आणि मग पोराला देते. पुस्तक पिशवीत घालून गेल्या. तीन दिवसांनी परत आल्या तेव्हा डोळे तांबारलेले. मला वाटलं, आता तक्रार. त्या म्हणाल्या, "याच हिरोचं दुसरं हाय का? तपास पुरा नाय झाला माझा."

महिन्याभरात वहिनींनी सहा पुस्तकं तपासली. पोरगा अजून मोबाइलवर आहे. मी बाळूशेठना विचारलं, यांना मोजायचं का?

"वय काय?"

"बेचाळीस."

"नाय चालायचं."

*

बाळूशेठ शब्दाचे पक्के, पण धीराचे कच्चे. अट घालून आठवडा झाला नाही तोच दोन मोठी पातेली आली. 'दोन दिवसांसाठी.' मग झारे आले, परात आली, भाताचा टोप आला. टोप एवढा मोठा की तो ठेवायला एकच जागा होती, ती म्हणजे कपाटासमोर.

तेव्हापासून कपाटाचे खालचे तीन कप्पे बंद. थोर थोर ग्रंथ टोपामागे आहेत. वरून हात घातला तर जेवढी निघतात तेवढीच पुस्तकं मी लोकांना सुचवू शकत होतो, आणि माझ्या यादीतली बाराही पुस्तकं नशिबानं वरच्याच दोन कप्प्यांत होती. वर्तमानपत्रांत उन्हाळ्यात मोठमोठे लोक पुस्तकं सुचवतात, तेव्हा त्यांच्याही घरी काय कशासमोर ठेवलंय हे एकदा पाहिलं पाहिजे.

*

दहावी दिलेला एक मुलगा आला. यादी वाचली आणि म्हणाला, "सगळ्यात बारीक कुठलं?"

मी हेरकथा दिली. त्यानं ती उभ्या उभ्या उघडली, शेवटचं पान वाचलं, मिटली आणि परत केली.

"कळलं."

"काय कळलं?"

"गद्दार कोण ते."

"अरे, पण आधीची दोनशे पानं?"

"त्यात तोच शोधतात ना? आता गावला."

मी रागावणार होतो. पण कचेरीत मी सबंध आयुष्य साहेबांपुढे फायली ठेवल्या. एकाही साहेबानं शेवटच्या पानाखेरीज दुसरं पान उलटलं नव्हतं, आणि सगळे बढती घेऊन गेले. मी मुलाला पुढच्या शिक्षणासाठी शुभेच्छा दिल्या.

*

मे महिन्यात पोरं मामाच्या गावाला जातात. यात वाईट काही नाही. वाईट हे की पुस्तकं पण जातात.

प्रणव नावाचा सातवीतला मुलगा यादीतली साहसकथा घेऊन टोकावड्याला मामाकडे गेला. मामाचा माळशेज रस्त्याला ढाबा. पंधरा दिवस झाले, पुस्तकाचा पत्ता नाही. फोन केला तर मामानं उचलला. "पुस्तक माझ्याकडं हाय, आरामात हाय." मुलाविषयी त्यांनी असं काही सांगितलं नाही.

मी एसटीनं मुरबाडला गेलो, गाडी बदलून टोकावड्याला उतरलो. मामा गल्ल्यावर बसून वाचत होते. प्रणव डोहात पोहायला गेला होता. पोचल्या दिवसापासून तो डोहातच होता, जेवायला तेवढा बाहेर यायचा.

"दोनच पानं राहिली, भाऊसाहेब," मामा म्हणाले. "बसा. भाकर खावा."

मी बसलो. मामांनी एक ओळ वाचली की गिऱ्हाईक यायचं. गिऱ्हाईक गेलं की मामा पान पहिल्यापासून सुरू करायचे, कारण दुवा तुटलेला असायचा. दीड वाजता सुरू झालेली दोन पानं पावणेपाचला संपली. त्यांनी पुस्तक मिटलं, रस्त्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "वाचला पोरगा. माझा जीव टांगनीला लागला होता."

"प्रणव?"

"तो कशाला? पुस्तकातला."

पुस्तकावर रस्सा सांडला होता. माझी गाडी गेली होती. बाळूशेठना फोन केला, तर पलीकडून आवाज आला, "मामा चालनार नाय."

*

मे संपत आला तेव्हा मोजलं. दहापैकी पास होण्यासारखं पोर एकही नव्हतं. बाळूशेठ येऊन भिंतींना हात लावून बघत होते. खुंट्या कुठे ठोकायच्या, याचा अंदाज घेत असावेत.

त्याच सुमाराला वरच्या वाडीतली वनिता आली. तिनं मार्चमध्ये नववीची परीक्षा दिली होती. वाडी डोंगराच्या कुशीत आहे. सुट्टीत तिथली पोरं पहाटे रानात करवंदं तोडायला जातात आणि पानांच्या द्रोणांत भरून ती रस्त्यावर विकतात. यादीखालचा मोबाइल नंबर तिच्या भावाचा, हे तेव्हा कळलं.

तिनं यादी वरपासून खालपर्यंत वाचली, बोट सातव्या नंबरावर टेकवलं आणि म्हणाली, "हे द्या." रहस्यकथा होती. जुनी. मुरबाडहून जाड पुठ्ठ्यात बांधून आणलेली.

आठवड्यानं मी सहज वाडीकडे गेलो. दुपारची वेळ. झाडाखाली करवंदांच्या पाट्या ठेवून पोरं बसलेली आणि मधे वनिता मोठ्यानं वाचत होती. मी मोजली. ती धरून दहा.

पानांवर करवंदांचे जांभळे डाग होते. एरवी मी त्यावरून अर्धा तास बोललो असतो. त्या दिवशी फक्त म्हणालो, "वनिता, नियम आहे गो. एका माणसाला एक पुस्तक. प्रत्येकानं आपापलं वाचायचं."

"आपापलं वाचलं तर भांडायचं कुनाशी?" ती म्हणाली.

"कशावरून?"

"खुनी कोन त्यावरून. हा बोलतो डॉक्टर. ही बोलते डायवर. दोघं दोन दिस बोलत नाय एकमेकांशी."

मी बत्तीस वर्षं नियम सांगितले होते. एवढ्या चांगल्या कारणासाठी मोडलेला नियम माझ्या टेबलावर एकदाही आला नव्हता. मी बाळूशेठकडे गेलो. दहा पोरं आहेत, पण पुस्तक एक, चालेल का? ते हसले. "पोरं मोजायची ठरली होती, पुस्तकं नाय. आना रविवारी. पन शेवटपर्यंत वाचलं पायजे. मी शेवटच इचारनार."

*

शाळा उघडायला दोन दिवस होते. रविवारी सकाळी दहाच्या दहा पोरं आली आणि झारे, पराती चुकवत भिंतीला टेकून उभी राहिली. बाळूशेठ खुर्चीवर. बाहेर टेम्पो उभा. त्यात उरलेली भांडी होती. बाळूशेठनी तो परीक्षेआधीच मागवला होता.

"कुठलं पुस्तक?" त्यांनी विचारलं.

वनितानं पुढे केलं.

"हां, हे! हे तर मी दोनदा वाचलंय," बाळूशेठ म्हणाले आणि आरामात मागे टेकले. "चला. पयला तू सांग. शेवटी खुनी कोन निघाला?"

पहिला मुलगा म्हणाला, "नाय निघाला."

"तू सांग."

"नाय निघाला."

तिसऱ्या मुलीनं विचारलं, "आमी ठरवलाय तो सांगू का?"

बाळूशेठनी माझ्याकडे पाहिलं. "बघा भाऊसाहेब. वाचलेलंच नाय." मग दाराकडे वळून त्यांनी आवाज दिला, "घ्या रे सामान आत."

मी वनिताला म्हणालो, "अगं, शेवटी घरात सगळे जमतात ना? दारावर थाप पडते ना?"

"पडते," वनिता म्हणाली. "मंग दार उघडतात."

"मग?" बाळूशेठनी विचारलं. "दारात कोन उभा असतो?"

"पुठ्ठा."

तिनं पुस्तक उघडून टेबलावर ठेवलं. शेवटच्या पानाची शेवटची ओळ होती, 'दार उघडलं आणि समोर'. त्यापुढे खरोखरच पुठ्ठा होता. बांधणीच्या वेळी शेवटची पानं राहून गेली होती. पुस्तक बांधून आलं त्याला नऊ वर्षं झाली.

"आमी दुसऱ्या कपाटात पन बघितलं," वनिता म्हणाली. "पानं पडली असतील म्हनून. नाय गावली. तुमी दोनदा वाचलंय ना, शेठ? मंग सांगा. ही पोरं झोपत नाय."

दहाही पोरं बाळूशेठच्या तोंडाकडे बघत होती. बाळूशेठ टोपाकडे बघत होते.

मी नोंदवही काढली. सवयच. त्या पुस्तकाच्या पानावर नऊ वर्षांत चौदा जणांची नावं होती, आणि प्रत्येकापुढे अभिप्राय. 'शेवट उत्तम.' 'शेवट पटला.' शाळेतून निवृत्त झालेल्या एका गुरुजींनी लिहिलं होतं, 'अखेर सत्याचाच विजय.' बाळूशेठचा अभिप्राय दोन ओळींचा होता. मी तो मोठ्यानं वाचणार होतो.

तेवढ्यात वनिता दारापाशी गेली आणि माझ्या यादीवरचा सातवा नंबर तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला. "'शेवटच्या पानापर्यंत खिळवून ठेवणारी. शेवट विसरता येत नाही.' भाऊसाहेब, हे कुनी लिवलंय?"

मी नोंदवही मिटली. दारावरची थाप मला प्रस्तावनेतूनच माहीत होती.

बाळूशेठ खाकरले. "पोरांनी वाचलंय," ते म्हणाले. "दहा लिवा, भाऊसाहेब." मग उठून दारात गेले आणि टेम्पोवाल्याला म्हणाले, "आतली पन भांडी भर रे. माझ्या पडवीत उतरव."

टोप बाहेर जाईपर्यंत मी दहा नावं लिहिली. प्रत्येकापुढे 'संपूर्ण वाचले' असं लिहिलं, कारण होतं तेवढं संपूर्णच वाचलं होतं. मग नियमाप्रमाणे विचारलं, "हे पुस्तक आता जमा करून घेऊ का?"

"नको," वनिता म्हणाली, आणि तिनं ते उचलून आमच्या दोघांच्या मधोमध ठेवलं. "तुमी दोघांनी न्या. सुट्टीचे दोन दिस हायत अजून."