तांबुलातल्या कुड्या

नवरात्रात आमच्याकडे कोलू असतो. पायऱ्या रचून त्यांवर बाहुल्या मांडायच्या, संध्याकाळी शेजारणींना बोलवायचं आणि निघताना प्रत्येकीला पिशवीतून तांबूल द्यायचं: विड्याची पानं, सुपारी, हळद-कुंकू, सोबत एखादी लहानशी भेट. तंजावरच्या मराठी घरांनी हे तमिळ शेजाऱ्यांकडून कधी उचललं, कुणाला आठवत नाही.

मुलगी कॉलेजात गेली त्या वर्षी तिनं पाचाच्या जागी अकरा पायऱ्या रचल्या. सगळ्या बाहुल्या नव्यानं रंगवल्या. झोप जवळजवळ नाहीच. राजवाड्यामागच्या गल्लीत अनोळखी बायकांनाही बोलावून आली. मराठी, तमिळ, इंग्रजी एका दमात, दुसऱ्याला तोंड उघडू न देता. माझी नणंद म्हणाली, "वहिनी, पोरीच्या अंगात देवी आली आहे." आम्ही खूश होतो.

पुढच्या उन्हाळ्यात ती निजली ती उठेना. केस विंचरेना, कॉलेज सुटलं. नणंदेनं मिरच्या ओवाळल्या, मी टॉनिक आणलं. दोन्हींचा गुण सारखाच.

नवरात्राच्या तोंडावर ती आपणहून उठली, न्हाली, शांतपणे कोलू मांडला. पाचच पायऱ्या. तांबुलाच्या पिशव्या मी भरते म्हणाली. मला वाटलं, सुटलो.

दोन-तीन दिवसांनी सकाळी समोरच्या मामी पिशवी घेऊन दारात. "काय हो, यंदा सोन्याच्या कुड्या वाटताय? लॉटरी लागली की काय?" मामी हसत होत्या. कुड्या मुलीच्या होत्या. मी आणखी दोन घरी विचारून आले. एकीला मुलीचं घड्याळ मिळालं होतं, दुसरीला मुलीच्या वीणा वाजवायच्या नख्या. दोघींनी तिच्या मोकळ्या हाताचं कौतुक केलं.

"कुड्या का दिल्यास?"

"मला आता लागणार नाहीत, आई." भाजीत मीठ घालू का विचारावं, तसा आवाज.

"जीव द्यायचं ठरवलं आहेस?"

"हो."

मी तिचा हात धरला तो सोडला नाही. कोलू मांडलेलं घर बंद करू नये, असं नणंद म्हणत राहिली. मी कुलूप लावलं आणि रिक्षा केली. डॉक्टरांनी आजाराला नाव दिलं. त्या अकरा पायऱ्याही त्यातच मोडत होत्या. म्हणाले, माणूस आडवा असतो तेव्हा तर जपाच, पण उठू लागतो तेव्हा जास्त जपा.

त्याला बरीच वर्षं झाली. गोळ्या चालू आहेत, त्यांच्या कपाटाची किल्ली माझ्या कमरेला. इस्पितळ अधूनमधून होतंच. ती जगते आहे. बरी होईल, हे वाक्य आमच्या घरात आता कुणी बोलत नाही.

यंदा पिशव्या मीच भरल्या. मामी निघाल्या तेव्हा मुलीनं आतून आपली कोरी साडी आणून त्यांच्या हातात दिली. मी ती सगळ्यांसमोर काढून घेतली. मामी यावेळी हसल्या नाहीत.

बायका गेल्यावर मुलगी म्हणाली, "त्यांना रंग आवडला होता गे. बाकी काही नाही."

असेल. मी जुना प्रश्न पुन्हा विचारला. ती "नाही" म्हणाली. तिचं "हो" मला ओळखता येतं. "नाही" कधीच ओळखता आलं नाही. साडी माझ्या कपाटात आहे, गोळ्यांशेजारी, कुलपात.