मोरीतली वंदना

आमचा जगदीशमामा वायरमन होता, घोडपदेवच्या चाळीत तळमजल्याला राहायचा. सव्वीस जुलैच्या पुरात त्याचा धाकटा भाऊ मेन स्विच बंद करायला पाण्यात उतरला आणि शॉक लागून जागीच गेला. तेव्हापासून मामाला चैन नव्हती. शेवटी त्याने फ्लशच्या टाकीतला गोळा मोरीत बसवला. पाणी चढलं की गोळा वर येणार, घरातली लाईट आपोआप जाणार आणि सेलवरचा बुद्धवंदनेचा डबा वाजणार.

"अहो, वंदना काय मोरीत लावतात?" सुंदरामामी करवादली.

"भोंग्याने माणूस घाबरतो गं. हिने डोकं शांत राहतं."

यंदा मामा आजारपणात गेला. पुण्यानुमोदनाला घर भरलेलं, फोटोपुढे मेणबत्त्या, बाहेर धो धो पाऊस. एकदम लाईट गेली आणि वंदना सुरू झाली. कार्यक्रम चालू झाला समजून सगळे हात जोडून उभे राहिले. जागचं कोणी हलेना.

मामीला मात्र कळलं. "हात सोडा, पोरांना उचला, वरच्या मजल्यावर चला. पाणी आलंय."

सगळे वर पोचले. मामी मागे राहिली. टेबलफॅनची वायर पाण्यात पडली होती, तिच्यावरूनच ती चालत गेली आणि भिंतीवरचा मामाचा फोटो काढून घेतला. तिला काही झालं नाही. डबा अजून वाजतच होता.