बर्फावरचा नमस्कार

आपल्या मुलावर मराठी संस्कार व्हावेत म्हणून नीलिमा देवस्थळी यांनी करायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. हॉलंडमधल्या उइटहॉर्न गावच्या त्या लांबट, अरुंद घरात त्यांनी पाढे लावून धरले, चिंचगुळाची आमटी लावून धरली, संध्याकाळी दिव्यापुढे हात जोडणं लावून धरलं. विराजनं यातलं काहीही धरलं नाही. तो मराठी समजायचा आणि उत्तर डचमध्ये द्यायचा. आमटीवर चीज किसायचा. आरतीला उभा राहिलाच तर टाळ्या तेवढ्या वाजवायचा, त्याही भलत्याच ठेक्यात.

एक गोष्ट मात्र कशी कोण जाणे, पक्की रुजली. कुणाला चुकून पाय लागला की विराजचा हात आपोआप त्या माणसाला शिवायचा आणि तिथून स्वतःच्या छातीशी यायचा. ट्राममध्ये, शाळेच्या बाकावर, सुपरमार्केटच्या रांगेत. अनोळखी डच माणसं दचकून मागे सरायची आणि नीलिमाताईंना भरून यायचं. बाकी सगळं गेलं तरी चालेल, एवढं एक राहू दे, असं त्या देवाला अगदी मनापासून सांगायच्या.

आता हा मुलगा इंजिनियर वगैरे व्हायचा, तर झाला आइस हॉकीपटू. त्यालाही कारण घडलं. लहानपणी स्केटिंगच्या वर्गात घातला, तेव्हा त्याला सगळं जमायचं, फक्त वळता यायचं नाही. वळता येत नसल्यामुळे समोर जो येईल त्याला तो आपल्याबरोबर भिंतीपर्यंत घेऊन जायचा. इतर आयांनी तक्रारी केल्या. पण हेगच्या एका क्लबचा योस नावाचा कोच तिथे कॉफी पीत उभा होता. हा मुलाचा दोष नाही, ही डिफेन्समनची गुणवत्ता आहे, हे त्यानं कॉफी संपायच्या आत ओळखलं.

डिफेन्समननं गोल करायचे नसतात. आपल्या गोलसमोर जो कुणी घुटमळेल त्याला तिथून हलवायचं असतं, आणि तेही त्याला पुन्हा यावंसं वाटणार नाही अशा बेतानं. विराज या कामात इतका रमला की विशीतच त्याचं नाक दोनदा मोडलं, पुढचे दात गेले आणि तो प्रोफेशनल झाला. प्रोफेशनल म्हणजे काय, तर क्लब त्याला स्केट्स द्यायचा, पेट्रोल द्यायचा आणि मॅच संपल्यावर गरम सूप द्यायचा. पोटासाठी तो पहाटे उठून फुलांच्या गोदामात ट्युलिपच्या गाड्या ओढायचा. त्याचे वडील श्रीनिवास आयटीतले. कुणी मुलाचं विचारलं तर ते "लॉजिस्टिक्समध्ये आहे" एवढंच सांगायचे आणि हवेचा विषय काढायचे.

मराठी मंडळाचे अध्यक्ष बाळासाहेब मात्र असे सोडणारे नव्हते. स्वतः आइंडहोवनला कॉम्प्युटर चिपच्या धंद्यात असल्यामुळे त्यांना प्रत्येक गोष्टीचा आकडा लागायचा.

"यंदा गोल किती केले चिरंजीवांनी?" त्यांनी गणपतीत भर पंगतीत विचारलं.

"एकही नाही," नीलिमाताई म्हणाल्या.

"हां हां. म्हणजे अजून शिकतोय," असं म्हणून बाळासाहेबांनी मोदकावर तूप घेतलं. नीलिमाताईंना ते तूप त्यांच्या डोक्यावर ओतावंसं वाटलं.

पण पुढच्या हिवाळ्यात भलतंच घडलं. विराजनं एका धिप्पाड खेळाडूला खांद्यानं असा उडवला की तो सपशेल आडवा झाला. धक्क्याचं विराजला काही वाटलं नाही, ते त्याचं कामच होतं. पण पुढे जाताना त्याचा स्केट त्या पडलेल्या माणसाच्या पायाला लागला. विराज थांबला, वाकला, जाडजूड ग्लोव्ह घातलेल्या हातानं त्याला शिवला आणि हात छातीशी नेला. हा माणूस आधी झोपवतो आणि मग श्रद्धांजली वाहतो, अशी अफवा देशातल्या सगळ्या रिंकवर पसरली. एकानं धीर करून त्याचा अर्थ विचारला. विराजनं "मी सॉरी म्हणतो" असं खरं ते सांगितलं, तर तो बिचारा आणखीनच घाबरला. व्हिडिओ जगभर फिरला. क्लबनं नमस्काराचे टी-शर्ट काढले.

मंडळानं लगोलग सत्कार ठेवला. "आपली संस्कृती आज बर्फावर पोचली आहे," असं बाळासाहेब माइकवर म्हणाले, आणि गोल किती हे विचारायचं साफ विसरले. नीलिमाताई पहिल्या रांगेत बसून रडल्या. कुणी काही म्हणो, मुलाच्या हातात आपण घातलेलं काहीतरी जगाला दिसलं, याचा त्यांना खराखुरा आनंद झाला होता.

मग जर्मनीतल्या एका मोठ्या क्लबची माणसं त्याला बघायला येणार असं कळलं. तिथे प्रोफेशनल म्हणजे खरोखरच प्रोफेशनल: पगार, राहायला जागा, पहाटेच्या ट्युलिपांपासून कायमची सुटका. आदल्या दिवशी जेवताना विराज ताटाकडे बघत चक्क मराठीत म्हणाला, "आई, मला हे पाहिजे." त्यानं मराठीत मागितलेली ही पहिलीच गोष्ट होती.

मॅचला त्या स्वतः गेल्या. समोरच्या संघाचा कॅप्टन चलाख होता, त्यानं व्हिडिओ नीट पाहिला होता. पक, म्हणजे खेळातली ती रबरी चकती, जवळ येताच त्यानं आपला पाय मुद्दाम विराजच्या स्केटखाली सरकवला. विराज सवयीनं वाकला, आणि तो कॅप्टन बाजूनं निघून गोल करून मोकळा झाला. थोड्या वेळानं पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तर विराज वाकलेला असताना प्रेक्षकही हसले. जर्मन माणसं शेवटच्या शिट्टीआधीच कोट घालून निघून गेली.

"तो हात तरी राहील नाहीतर तू तरी," योसनं सांगितलं.

त्यानं उपचारही सुरू केले. सराव संपला की संघातले खेळाडू बर्फावर आडवे व्हायचे आणि विराजनं त्यांच्यातून पाय लावत, आदळत जायचं. दोन्ही हात काठीला पट्ट्यानं बांधलेले. सुरुवातीला त्याचे खांदे ओढ घ्यायचे. रात्री झोपेतही त्याचे हात हलायचे. वसंत आला तसे शांत झाले.

एका रविवारी सोफ्यावर टीव्ही बघता बघता त्याचा पाय नीलिमाताईंना लागला. त्या वाट बघत राहिल्या. विराज चिप्स खात राहिला.

"गेली सवय?" त्यांनी विचारलं.

"पूर्ण!" तो डचमध्ये आनंदानं म्हणाला. श्रीनिवास त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "शाब्बास." नीलिमाताई उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ सोडून उभ्या राहिल्या. त्यांना फार वाईट वाटलं, आणि मुलाचं तर चांगलंच चाललं होतं, त्यामुळे ते सांगायचं तरी कुणाला.

तेवढ्यात जर्मनांचा फोन आला. विराज त्यांना हवाच होता. त्याचा खेळ ठीक आहे म्हणाले, डिफेन्समन काय, आमच्याकडे डझनभर आहेत. आम्हाला तो नमस्कार हवा. दर मॅचला एक तरी.

करार जाहीर करायला हेगच्याच रिंकवर कार्यक्रम झाला. कॅमेरे आले, मंडळ आलं, बाळासाहेब नेहरू शर्ट घालून आले. फोटोग्राफर म्हणाला, करून दाखवा. विराजनं हात छातीशी नेला, पण तो पाठ केलेल्या कवायतीसारखा दिसला. आधी पाय लागायला हवा, त्याशिवाय खरं वाटत नाही, असं जर्मन क्लबकडून आलेल्या बाईंनी सुचवलं. मग संघातला एक जण आडवा झाला. विराजनं त्याच्या पोटरीवर नीट नेम धरून स्केट टेकवला, वाकला, शिवला. टाळ्या पडल्या. "पुन्हा एकदा!" बाळासाहेब ओरडले. पुन्हा पाय, पुन्हा नमस्कार.

"हे शिकवलं कुणी?" जर्मन बाईंनी विचारलं. विराजनं पहिल्या रांगेकडे बोट दाखवलं, आणि सगळे कॅमेरे नीलिमाताईंकडे वळले. मग तर आईबरोबर फोटो हवाच झाला. त्यांना खुर्चीसकट पुढे आणलं. विराजनं स्केट्स काढून बूट घातले आणि समोर येऊन उभा राहिला.

"मुद्दाम लावतोस?" नीलिमाताईंनी हळूच विचारलं.

"हळू लावीन ना, आई," विराज म्हणाला. अगदी स्वच्छ मराठीत. "पाय थोडा पुढे घे."

बाळासाहेब मोबाइल वर धरून उभे होते. श्रीनिवास सगळ्यांना सांगत होते, माझा मुलगा. नीलिमाताईंनी मुलाच्या तोंडाकडे पाहिलं, साडी घोट्यापर्यंत सावरली आणि पाय पुढे केला.